कुंपणाच्या १०० खांबांना सिमेंट किती लागेल? तिघांनी तीन आकडे सांगितलेत

माळरान
नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात आमची वडिलोपार्जित ५० गुंठे जमीन आहे. गेल्या वर्षी सीताफळाची रोपं लावली आणि मोकाट गुरांनी दोनदा खाऊन टाकली. डुकरांचा त्रासही सुरू झालाय. म्हणून आता सगळीकडून जाळी मारायची ठरवली आहे. जमीन सरळ चौकोनी, १६५ बाय ३३० फूट. घेर ९९० फूट भरतो. १२ फुटांचं एक फाटक सोडून दर १० फुटांवर सिमेंटचा पोल धरला, तर साधारण १०० पोल लागतात. पोल ७ फुटी, ४ इंची चौकोनी. २ फूट जमिनीत, ५ फूट वर.

प्रश्न सिमेंटचा आहे. माझा हिशोब असा: खड्डा १ बाय १ बाय २ फूट, म्हणजे २ घनफूट. १०० खड्ड्यांचे २०० घनफूट. सिमेंटच्या गोणीत सव्वा घनफूट सिमेंट असतं. १:२:४ चा माल म्हणजे एकूण सात भाग, तर एका गोणीत पावणेनऊ घनफूट काँक्रीट व्हायला हवं. २०० भागिले पावणेनऊ, म्हणजे २३ गोण्या.

पण काम घेणारा मिस्त्री ४० म्हणतो आणि सिमेंटचा दुकानदार ६० सांगतो. २३ आणि ६० मध्ये फार अंतर आहे हो. यांतलं खरं काय? शेत गावापासून ६ किलोमीटर आत आहे. माल कमी पडला तर मजूर बसून राहतात, जास्त झाला तर ठेवायला शेड नाही.

पाटाचं पाणी
आधी सांगा, मोजणी करून घेतली का? सिमेंट नंतर.

माळरान
हो, सरकारी मोजणी झाली आहे, हद्दीचे दगडही आहेत. त्याबद्दल लिहीन कधीतरी, ती वेगळीच कथा आहे.

सिव्हिलवाला
माळरान, तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण एक गोष्ट निसटली आणि ती बहुतेक सगळ्यांची निसटते. एक घमेलं सिमेंट, दोन घमेली वाळू आणि चार घमेली खडी एकत्र केली की सात घमेली काँक्रीट होत नाही.

घरी करून बघा. बादली खडीने काठोकाठ भरा आणि त्यात तांब्याने पाणी ओता. जवळजवळ चार-साडेचार दशांश बादली पाणी बसेल. एवढी जागा खडीच्या मध्ये रिकामी होती. वाळू त्या पोकळीत जाऊन बसते, वाळूच्या पोकळीत सिमेंट बसतं. म्हणून ओल्या, ठासून भरलेल्या १ घनमीटर काँक्रीटला कोरडा माल १.५४ घनमीटर धरायची रीत आहे. तुम्ही कोरड्यालाच ओलं समजलात.

आता हिशोब मांडू. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. १:२:४ ला घनमीटरमागे ३१७ किलो, म्हणजे ६.३ गोण्या सिमेंट लागतं. म्हणजे एका गोणीत साडेपाच घनफूट काँक्रीट. पावणेनऊ नाही. हा साडेपाचचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

२०० घनफुटातून पोलने व्यापलेली जागा वजा करा. ४ इंची पोल २ फूट खोल गेला की ०.२२ घनफूट अडवतो. उरले १७८. त्याला ३२ गोण्या झाल्या.

आणि टेकू? कोपऱ्याच्या प्रत्येक पोलला दोन्ही दिशांनी तिरके टेकू लागतील, ८ झाले. ३३० फुटांच्या बाजूला मध्ये दोन ठिकाणी आणि १६५ च्या बाजूला एका ठिकाणी ताणाचा (जाळी ओढून धरणारा) पोल धरा, त्यांना दोन-दोन, असे १२. फाटकाच्या दोन पोलांना एक-एक. २२ टेकूंना २२ खड्डे. प्रत्येकी १ घनफूट धरला तरी ४ गोण्या. वर दहा टक्के सांडलवंड. झाल्या ४०. तुमच्या मिस्त्रीने कागदावर काही मांडलं नसेल, पण हाताचा अंदाज चोख आहे.

माळरान
सिव्हिलवाले काका, खरंच आभार. टेकू माझ्या डोक्यातच नव्हते. मग दुकानदाराचे ६० कुठून आले? वाढवून सांगितले असतील?

बांधावरून
वाढवून नाही सांगितले. त्याने गावातल्या लोकांना किती गोण्या नेताना पाहिलं त्यावरून सांगितले. आमच्याकडे ७० पोलांचं काम केलं तेव्हा मीही १ बाय १ चाच खड्डा धरला होता. मजुराच्या हातात पहार आणि टिकाव. दोन फूट खाली जायचं तर हात फिरायला जागा लागते. मुरमात दगड लागला की तो काढताना कड ढासळते. मी टेप घेऊन मागे मागे फिरलो, एकही खड्डा सव्वा फुटाच्या आत नव्हता, काही तर दीड.

सव्वा बाय सव्वा बाय दोन म्हणजे ३.१२ घनफूट. फक्त तीन-तीन इंच वाढले आणि माल दीडपटीच्या वर गेला. माझं सिमेंट ५५ व्या पोलला संपलं.

सिव्हिलवाला
अगदी बरोबर पकडलंत. माळरानांच्या १०० खड्ड्यांना हेच लावा: ३.१२ वजा ०.२२, म्हणजे २.९ घनफूट. १०० चे २९०, त्याला ५२ गोण्या. टेकूचे खड्डेही तसेच फुगले तर ६ गोण्या. झाले ५८. दुकानदार ६० म्हणाला तो खोटं बोलला नाही.

म्हणजे तिघांचे आकडे एकाच कामाचे आहेत. फरक खड्ड्याचा आहे. सूत्र सगळ्यांना येतं, खड्डा कोणी मोजत नाही.

विहीरकाठ
ऑगर, म्हणजे खड्डा पाडायचं यंत्र, भाड्याने मिळत असेल तर घ्या. पेट्रोलवर चालणारा दोन माणसांनी धरायचा किंवा ट्रॅक्टरला मागे जोडायचा. खड्डा गोल आणि सरळ पडतो. गोल खड्ड्याचं गणित सोपं आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं इंचात, त्याला ०.७८५ ने गुणायचं आणि १७२८ ने भागायचं, घनफूट येतात.

१२ इंची, २ फूट खोल: १.५७ घनफूट. पोल वजा जाता १.३५. शंभर पोलांना २४ गोण्या.
९ इंची: पाऊण घनफुटाच्याही आत, ०.६६. शंभर पोलांना १२ गोण्या.

ऑगरचं भाडं सिमेंटमध्येच सुटतं.

सिव्हिलवाला
९ इंचीबद्दल सावध राहा. ४ इंची पोलच्या चहूबाजूंना फक्त अडीच इंच उरतात. पाऊण इंची खडी त्यात नीट उतरत नाही, गज घालून ठासता येत नाही, खाली पोकळ राहतं. पोल ओळंब्यात आणायला हलवायलाही जागा हवी. ९ इंची घ्यायचाच तर अर्धा इंची खडी वापरा. माझ्या मते खड्डा पोलच्या तिप्पट रुंद असावा, म्हणजे १२ इंच.

कातळसडा
आमच्याकडे रत्नागिरीत हा प्रश्नच वेगळा. सड्यावर वीतभर माती आणि खाली कातळ. २ फूट खणायचं म्हटलं तर पहारेचं टोक वाकतं. खोली कमी चालते, कारण कातळ बाजूने सोडत नाही. आम्ही फूटभर खोल खड्डा घेतला, तळाला आणखी भोक पाडून सळी रोवली आणि काँक्रीट भरलं. सहा पावसाळे झाले, एकही पोल हललेला नाही.

बाकी आमच्या वाडवडिलांनी सिमेंट वापरलंच नाही. चिऱ्याचा नाहीतर दगडाचा गडगा रचायचा आणि त्यावर करवंदीच्या काट्यांची वई घालायची. दरवर्षी पावसाळा सरला की वई नव्याने. त्या दिवशी घरातली सगळी माणसं बागेत. हात काट्यांनी भरून जायचे, आणि संध्याकाळी आजी खोबरेल लावून द्यायची.

तांबडं फुटलं
कातळसडा, छान लिहिलंत. आमच्या आईकडे कुंपणाला शेवग्याच्या आणि गिरिपुष्पाच्या फांद्या रोवायचे. पावसाळ्यात फुटायच्या, दोन वर्षांत झाड. लोक म्हणतात कुंपणच शेत खातं. आमच्याकडे आम्हीच कुंपण खायचो, शेंगा आमटीत आणि फुलांची भाजी. :)

जुनी वही
जिवंत कुंपणावरून आठवलं. मिठावरचा कर कोणी चुकवू नये म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानच्या मधोमध जकातीची रेषा आखली होती, सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत. १८६९ च्या सुमारास ती सुमारे २,३०० मैल लांब होती आणि तिच्यावर जवळपास १२,००० माणसं पहाऱ्याला होती. त्यातला बराच भाग बाभूळ, करवंद, निवडुंग यांचं जिवंत काटेरी कुंपण. आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बऱ्हाणपूरकडूनही ती रेषा जायची. जिथे झाड जगेना तिथे वाळलेल्या काट्यांची रास किंवा दगडी भिंत. १८७९ मध्ये ती रेषा बंद झाली आणि कुंपण शेतांत मिसळून गेलं. माणसाला मीठ मिळू नये म्हणून एवढी मेहनत घेतली, हे वाचलं की मला अजून राग येतो.

विहीरकाठ
हे माहीतच नव्हतं. वेगळा धागा काढा यावर, नक्की वाचू.

पऱ्हाटी
माळरान भाऊ, तुमची जमीन कोणती ते आधी सांगा. मी यवतमाळचा. आमची काळी, भारी. उन्हाळ्यात भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो. पावसाळ्यात तीच माती फुगते. २ फुटांवर बसवलेला पोल ही माती दरवर्षी थोडा थोडा वर ढकलते. माझ्या पहिल्या कुंपणाचे पोल तिसऱ्या वर्षी दारू प्यायल्यासारखे झाले होते, एक इकडे एक तिकडे. सिमेंट भरपूर घातलं होतं.

चूक ही झाली की मजुरांनी खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता केला. काँक्रीटचा आकार गाजरासारखा झाला. माती फुगली की असं गाजर वर उपसलं जातं. दुसऱ्यांदा मी उलट करून घेतलं: खाली रुंद, वर अरुंद, खोली ३ फूट. तळ मातीत अडकून राहतो. काँक्रीट जमिनीच्या सहा इंच खालीच थांबवलं, वर मुरूम ठासला. आता पाच वर्षं सरळ उभे आहेत.

काळ्या मातीत रुंदी वाढवून सिमेंट घालण्यापेक्षा खोली वाढवा. सिमेंट तेवढंच लागेल.

माळरान
पऱ्हाटी भाऊ, वरच्या बाजूला मुरमाड आहे, खाली ओढ्याकडे काळी. साधारण निम्मी निम्मी. म्हणजे दोन हिशोब करावे लागतील.

सिव्हिलवाला
पऱ्हाटींचा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी त्यात एवढंच घालीन की वर छत्रीसारखं पसरलेलं काँक्रीट तर अजिबात नको. उरलेला माल खड्ड्याच्या तोंडाशी थापून ठेवायची मजुरांना सवय असते. दिसायला भक्कम दिसतं, पण फुगणाऱ्या मातीला उचलायला ती आयती कड मिळते.

ओंजळ
मी लहान काम सांगते. नर्सरीच्या मागे १४ खांबांचं कुंपण, लोखंडी अँगलचं. दहा वर्षांत काँक्रीट जसंच्या तसं, पण अँगल जिथे काँक्रीटमधून बाहेर येतो तिथेच गंजून तुटले. कारण काँक्रीट जमिनीच्या पातळीला खोलगट राहिलं होतं, बशीसारखं. पाणी तिथे साचायचं. दुसऱ्या वेळी काँक्रीट दोन बोटं वर घेतलं आणि बाहेरच्या बाजूला उतार दिला. अँगल रोवण्याआधी जमिनीच्या वर-खाली वीतभर रंगाचे दोन हात दिले.

हिशोबात हे वरचं दोन बोटं कोणी धरत नाही. १४ खांबांना फरक पडला नाही, १०० ला एखादी गोणी जाईल.

आणि लाकडी खांब असेल तर काँक्रीटचा बूट घालू नका. तळ बंद झाला की पाणी आत साठतं आणि लाकूड आतून कुजतं. तळाला खडी टाकून वाट मोकळी ठेवायची.

पाच सरोवरं
मी मिशिगनमध्ये असतो, गेल्या उन्हाळ्यात घरामागचं लाकडी कुंपण स्वतः केलं. इथे पऱ्हाटींच्या काळ्या मातीचं काम थंडी करते. जमिनीतलं पाणी गोठलं की फुगतं आणि खांब उचलतं. म्हणून पाया ४२ इंच खोल धरतात, गोठण्याच्या पातळीच्या खाली.

माझा खड्डा १० इंची, ४२ इंच खोल. तळाला ६ इंच खडी (ओंजळताई म्हणतात तीच गोष्ट). उरलेल्या ३ फुटांत लाकडी खांब वजा जाता १.३८ घनफूट. इथे वाळू-खडी-सिमेंट आधीच मिसळलेली पिशवी मिळते. ८० पौंडी पिशवीतून ०.६ घनफूट काँक्रीट होतं आणि ते पिशवीवरच छापलेलं असतं. म्हणजे खांबाला सव्वादोन पिशव्या. मी दोन धरल्या आणि दुकानात चार फेऱ्या मारल्या.

अजून एक. खणण्याआधी इथे ८११ ला फोन करावा लागतो. ते येऊन गॅसच्या नळांवर, विजेच्या तारांवर रंगाच्या खुणा करून जातात. तुमच्याकडे पाइपलाइन कुठून गेली आहे ते शेजाऱ्यांना विचारून घ्या.

बांधावरून
पाइपलाइनचं अगदी खरं. आमच्या ६३ व्या खड्ड्याने चुलत्यांची ठिबकची मेन लाइन फोडली. ऐन मे महिना. काका काही बोलले नाहीत, पण दोन दिवस आमच्याकडे चहाला आले नाहीत.

खोडवा
मला एक विचारायचं आहे. परदेशातल्या व्हिडिओत खड्ड्यात कोरडाच माल ओततात आणि वरून पाणी घालतात. आपल्याकडे चालेल का? पाणी लांबून आणावं लागतं.

सिव्हिलवाला
नको. तिथली पिशवी कारखान्यात एकजीव केलेली असते, आणि खांबासाठी लवकर घट्ट होणारं खास मिश्रण असतं. आपण फावड्याने कोरडा माल कालवून ओतला तर वरून घातलेलं पाणी एका वाटेने खाली जातं. मधे कोरडे गोळे राहतात. वर्षभराने उकरलं तर भुकटी निघते.

पाण्याचंही माप आहे. १:२:४ ला गोणीमागे ३२ लिटरच्या वर पाणी नको, आणि त्यात वाळूचा ओलावाही आला. मजुरांना पातळ माल आवडतो, आपोआप खड्ड्यात पसरतो. पण पाणी जास्त झालं की ताकद गेली. घट्ट कालवा आणि सळईने ठासा.

वाळूबद्दल राहिलं. किंचित ओलसर वाळू फुगते, मापाने वीस-तीस टक्के जास्त भरते. म्हणजे दोन घमेली म्हणून टाकता ती खरी दीड-पावणेदोनच असते. मग माल कमी होतो आणि सगळे म्हणतात सिमेंट जास्त लागलं. ओली वाळू असेल तर घमेलं थोडं चढतं भरा.

खोडवा
समजलं. वाळू-खडी किती ब्रास मागवायची तेही सांगा ना. दुकानदार ब्रासमध्येच बोलतात.

सिव्हिलवाला
ब्रास म्हणजे १०० घनफूट. २०० घनफूट तयार काँक्रीटला साधारण पाऊण ते एक ब्रास वाळू आणि पावणेदोन ब्रास खडी. नदीची वाळू नसेल तर धुतलेली क्रश सँड चालेल. नुसती कच नको, तिच्यात भुकटी फार असते.

गोफण
सगळं वाचलं. पण मूळ प्रश्नच मला पटत नाही. १०० च्या १०० पोलांना काँक्रीट कशाला? जाळीचा ताण पडतो कुठे? कोपऱ्यावर, फाटकावर आणि मधल्या ताणाच्या पोलांवर. बाकीचे फक्त जाळी उभी धरून ठेवतात. जाळीतून वारा आरपार जातो, पत्र्यासारखा अडत नाही.

आम्ही साताऱ्याकडे कोपरे आणि टेकू तेवढे काँक्रीटमध्ये घेतो. मधल्या पोलांना डबर आणि मुरूम. पण तो ओतून मोकळं व्हायचं नाही. चार-पाच इंचांचा थर टाकायचा, थोडं पाणी शिंपडायचं आणि पहारेच्या मागच्या टोकाने ठोकायचं. मग पुढचा थर. असा ठासलेला पोल मला आजवर हाताने हलवता आलेला नाही. १२ वर्षं झाली.

बांधावरून
गोफणदादा, मान्य आहे, पण डुक्कर? ते जाळीला खालून नाक लावून उचलतं. आणि आमच्याकडे तर पोल चोरीला जातात. मुरमातले आठ पोल एका रात्रीत उपटून नेले. काँक्रीटमधला एकही नाही.

गोफण
डुकराला पोलचं काँक्रीट अडवत नाही, जाळीची खालची कड अडवते. जाळी वीतभर जमिनीत गाडा किंवा खालून एक काटेरी तार घट्ट ओढा. चोरीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तशी भीती असेल तर दर तिसरा पोल काँक्रीटमध्ये घ्या.

पऱ्हाटी
डुकरांसाठी काही लोक तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. कृपा करून कोणी करू नका. आमच्या भागात त्याने माणसं गेली आहेत. सौर झटका मशीन वेगळी गोष्ट आहे, ते क्षणभराचा झटका देतं आणि सोडतं.

तांबडं फुटलं
+१. अगदी हात जोडून +१.

विहीरकाठ
गोफण यांचं मुरमात बरोबर, काळ्या मातीत नाही. तिथे मुरूम ठासला तरी बाजूची माती उन्हाळ्यात सुकून खांबापासून सुटते. माळरान यांची अर्धी जमीन एका प्रकारची, अर्धी दुसऱ्या. दोघांचंही ऐकता येईल.

मायमाती
मी बांधकामावर वीस वर्षं माल कालवलाय, म्हणून एक युक्ती सांगते. सूत्र बाजूला ठेवा. आधी तीनच खड्डे घ्या, ज्या हत्याराने पुढचे घेणार त्याच हत्याराने, त्याच मजुरांकडून. पोल मधोमध उभा धरा आणि बादली मोजत भोवती कोरडी वाळू ओता. किती बादल्या बसल्या लिहून घ्या. पोल काढा, वाळू परत गोळा करा. तिन्हींची सरासरी काढली की खड्डा स्वतःच आपलं माप सांगतो.

घमेल्याच्या मापावर जाऊ नका. घमेली लहानमोठी असतात, कोणी सपाट भरतं कोणी शीग लावून. गोणीत ३५ लिटर सिमेंट बसतं, म्हणून ३५ लिटरची एक पेटी फळ्या ठोकून करा. एका गोणीला दोन पेट्या वाळू, चार पेट्या खडी. पेटीची वरची कड फळीने सपाट करायची.

सिव्हिलवाला
मायमाती ताई, मी शिकवताना मुलांना जे सांगतो त्यापेक्षा हे चांगलं आहे. पुढच्या वर्षीपासून हेच सांगणार.

माळरान
सगळ्यांचे मनापासून आभार. काम संक्रांतीनंतर सुरू करतोय. मोजणीचंही सांगून टाकतो. ५० गुंठे सातबाऱ्यावर होते, पण बांध दोन्ही बाजूंनी कोरला जात होता, वडिलांनी कधी तक्रार केली नाही. मोजणी आली तेव्हा एका कडेला आमची हद्द शेजाऱ्यांच्या उसात चार फूट आत निघाली. शेजारी भांडले नाहीत. म्हणाले, ऊस तुटू दे, मग पोल टाका. मी दोन महिने थांबलो. त्यामुळेच हे सगळं विचारायला वेळ मिळाला.

पाटाचं पाणी
चांगलं केलंत थांबलात ते. चार फुटांवरून आमच्याकडे दोन भावांचं बोलणं अकरा वर्षं बंद आहे.

माळरान
(पाच आठवड्यांनी) मंडळी, काम झालं. आकडे देतो, पुढे कोणाला उपयोगी पडतील.

ट्रॅक्टरचा ऑगर मिळाला, १२ इंची. मायमाती ताईंनी सांगितलं तसे आधी तीन खड्डे घेऊन वाळू मोजली. कागदावर पोलभोवती ३८ लिटर बसायला हवी होती. प्रत्यक्षात ४४, ४९ आणि ४५ लिटर बसली. सरासरी ४६, म्हणजे १.६२ घनफूट. ऑगरनेही तोंडाशी कड ढासळते, हे तेव्हा कळलं.

कोपरे, ताणाचे आणि फाटकाचे मिळून १२ पोल. त्यांना दीड बाय दीड, अडीच फूट खोल, हाताने. पोल वजा जाता प्रत्येकी ५.३ घनफूट. यांचे ६४ घनफूट झाले.
खालच्या काळ्या भागातले ५० पोल काँक्रीटमध्ये, ८१ घनफूट. तिथे खोली २ फुटांऐवजी अडीच घेतली आणि वरचे सहा इंच मुरूम ठासला, त्यामुळे काँक्रीट तेवढंच राहिलं. तळ पहारेने थोडा रुंद करून घेतला, त्याला पुढे एक गोणी जास्त गेली.
टेकू २२, प्रत्येकी १ घनफूट.
वरच्या मुरमाड भागातले ३८ पोल गोफणदादांच्या पद्धतीने, डबर आणि मुरूम, थराथराने ठासून. यांना सिमेंट शून्य.

एकूण १६७ घनफूट, भागिले साडेपाच, ३० गोण्या. सुरुवातीला २५ च आणल्या, सगळ्या एकदम आणल्या नाहीत. नंतर ८ आणल्या. ३२ लागल्या, एक उरली.

काँक्रीटवर ओली गोणपाटं टाकून दहा दिवस पाणी मारलं, जाळी पंधराव्या दिवशी ओढली. वडील रोज संध्याकाळी येऊन एकेक पोल हाताने हलवून बघायचे. काल सगळे शंभर बघून झाले.

उरलेली गोणी शेजाऱ्यांना दिली. त्यांच्या विहिरीच्या काठाला तडा गेलाय.

मायमाती
गोणी फोडली नसेल तरी पावसाळ्याआधी वापरून टाकायला सांगा त्यांना. ठेवली की गाठी होतात.

माळरान
सांगतो ताई. उद्याच मी आणि ते मिळून काठ करतोय.